पॅन-डी कुठे गेला?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गेल्या आठवड्यात इथे लातुरात भर दुपारी वीज गेली. वीज गेली की राउटरही गपगार. आणि मला संध्याकाळच्या आत नांदेडला एक लेख पाठवायचा होता. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर यंदा गेले. त्यांच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहिली होती.

मोबाइलची बॅटरी थोडीच उरलेली. हॉटस्पॉट ती भराभर खातं, म्हणून ब्लूटूथवरून लॅपटॉपला इंटरनेट द्यायचं ठरवलं. वेग कमी, पण बॅटरी टिकते. ही युक्ती मला याच सरांनी २०१२ च्या उन्हाळ्यात शिकवली होती. लॅपटॉपवर लिनक्सही त्यांनीच घालून दिलं होतं.

जुनी वही काढली. सरांच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ होती : पॅन-डी, आणि पुढे काय काय टंकायचं ते. (हे पॅन म्हणजे आयकराचं कार्ड नव्हे बरं का! पर्सनल एरिया नेटवर्क, म्हणजे हाताच्या अंतरातलं जाळं. आणि ‘डी’ म्हणजे पडद्याआड राबणारा प्रोग्राम.) ओळ जशीच्या तशी टंकली. उत्तर आलं, ‘कमांड नॉट फाउंड’. स्पेलिंग तपासून पुन्हा टंकली. पुन्हा तेच. खरं सांगतो, मला सरांच्या अक्षराचाच अपमान झाल्यासारखं वाटलं.

शेवटी नांदेडला शिकणाऱ्या नातवाला फोन लावला. म्हटलं, “अरे, माझा पॅन-डी हरवलाय.”

तो म्हणाला, “आबा, प्रोग्रामचं राहू द्या. तुम्हाला काम काय करायचंय ते सांगा.”

काम सांगितलं. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ टिथरिंग चालू करायला लावलं. मग लॅपटॉपच्या ब्लूटूथमधून मोबाइलशी जोडी जुळवली. नेटवर्कच्या यादीत मोबाइलचं नाव आलं, त्यावर टिचकी मारली. झालं! पाच मिनिटांत लेख गेला.

मग त्याने उलगडून सांगितलं. लिनक्सचं ब्लूटूथ ‘ब्लूझी’ नावाची प्रणाली चालवते. तिची पाचवी आवृत्ती डिसेंबर २०१२ मध्ये आली आणि तिच्यातून पॅन-डी वगळला गेला. त्याचं काम ब्लूटूथच्या मुख्य सेवेकडे होतं, आणि नेटवर्क मॅनेजर ते तिच्याकडून करून घेतो. बदल करणाऱ्यांनी तेव्हाच मार्गदर्शनही प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे सरांनी मला शिकवलं आणि सहाएक महिन्यांत तो प्रोग्राम निवृत्त झाला. मी मात्र इतकी वर्षं वही जपून बसलो.

आमच्या लातुरातून पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांवरची गाडी धावायची. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला आणि ती गाडी गेली. पण कुर्डुवाडीला जायचं काम काही संपलं नाही. जुनं वेळापत्रक हातात धरून फलाटावर थांबलेल्या माणसाने रेल्वेला दोष देऊन कसं चालेल?

जन्मभर मुलांना सांगत आलो, पाठांतर करू नका, समजून घ्या. आणि मी स्वतः एक ओळ पाठ करून बसलो होतो! ती ओळ चुकीची नव्हती. तिच्यावर तारीख नव्हती, आवृत्ती नव्हती, आणि ती कशासाठी आहे हेही लिहिलेलं नव्हतं. फळ्यावर रोज तारीख घालणाऱ्या मास्तरला वहीत ती घालावीशी वाटली नाही, ही चूक माझीच.

माझं मत विचाराल तर असं आहे : कुणाला काही करून दाखवलं, लिहून दिलं, तर आधी काम लिहावं, मग कृती आणि खाली तारीख. साधनं बदलत राहणार, बदलावीतच. काम ठाऊक असलं की नवं साधन सापडतं. नुसतं साधन ठाऊक असलं की माणूस अडतो, आणि म्हातारा माणूस तर जास्तच अडतो.

सरांची ओळ मी खोडली नाही. तिच्या शेजारी लिहिलं, ‘मोबाइलचं इंटरनेट ब्लूटूथने लॅपटॉपला देणे. उन्हाळा २०१२.’ खाली नवी कृती लिहिली आणि आजची तारीख घातली.

असो. तुमच्याही घरी अशी एखादी बिनतारखेची वही असेल. काढून बघा एकदा.