सहा भाऊ, एक बहीण

हिरकणीवाडीत रायगडाच्या रोपवेपाशी ताक प्यायला थांबलेली शहरातली माणसं आपुलकीने चौकशी करतात. आम्ही सहा भाऊ आणि एक बहीण म्हटलं की ठरलेलं काहीतरी ऐकू येतं. ‘मुलगी होईपर्यंत थांबले नाहीत वाटतं?’ नाहीतर, ‘गावाकडे मुलग्यांचा सोस फार.’ वयस्कर बाई असली तर, ‘आई नशिबाची हो तुमची!’

दादा आमच्यात पहिला, ताई दुसरी. मुलगा हवा म्हणून पाळणा हलत राहिला असता तर तो दादानंतरच थांबला असता. मुलगी हवी म्हणून, तर ताईनंतर. सात मुलं झालेल्या साधारण सोळा घरांत एक घर असं निघतंच, जिथे सहा किंवा सातही मुलगे असतात. त्यात सोस नाही की पुण्य नाही.

सात का, हा प्रश्न मात्र खरा आहे. १९७१ साली देशात हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. भर पावसात तापाने फणफणलेलं पोर घेऊन महाड गाठायचं म्हणजे काय, हे इथल्या जुन्या बायांना विचारावं. आणि डोंगरउताराची नाचणी-वरी, राब भाजणं, लावणी यांना हात लागायचे. तेवढ्यानेही वर्ष निघायचं नाही, म्हणून एक जण मुंबईला. दादा गिरणीत लागला, १९८२ च्या संपात परत आला.

मुलग्यांच्या घरात बहिणीच्या वाट्याला धुणीभांडी, हाही एक पक्का समज. इतका पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे विहिरी तळाला जातात. तेव्हा हंडे-कळश्या आम्ही भाऊच खांद्यावरून आणायचो. एकटी ताई किती आणणार? मुंबईत गावकीच्या खोलीत दादाने वर्षानुवर्षं सगळ्यांचा स्वयंपाक केला. त्याच्या हातचं सुकटीचं कालवण आम्हा भावांच्या बायकांनाही जमत नाही.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मुलग्यांचा सोस मोठ्या घरांच्या माथी मारला जातो. पण महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. घरं लहान होत गेली त्याच वर्षांतले हे आकडे. दोनच मुलं हवीत आणि त्यात एक मुलगा हवाच, असं ठरवलेल्या घरांना सोनोग्राफी मिळाली. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्याला करावा लागला. आमच्या आईच्या पिढीला पोटात काय आहे ते ठाऊक नसायचं. जे आलं ते वाढवलं.

इथून माणसं पाचाडला जिजाऊंच्या समाधीवर जातात. त्याही चार भावांमधली लेक. त्यांच्या आईवडिलांना, लखुजीराव-म्हाळसाबाईंना, मुलग्यांचा सोस होता का, असं तिथे उभं राहून कोणी विचारत नाही, आणि विचारू नयेच.

आमच्या घरात अन्याय झाला नाही असं नाही. ताईची शाळा सातवीत सुटली. आम्ही धाकटे महाडला राहून शिकलो. तिचं अक्षर आम्हा सगळ्यांपेक्षा वळणदार होतं. याबद्दल मात्र पाहुणे कधी विचारत नाहीत. विचारलं तर मी सांगेन, कारण हे दुखणं भावंडांच्या संख्येचं नाही. दोन मुलांच्या घरातही ते असतं.

वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे गेलो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हे आता कायद्याने पक्कं आहे. तरीही भावकीतले म्हणाले, ‘बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्या, सगळेच करतात.’ दादा म्हणाला, ‘नावं सात लागतील.’ ताईकडे आम्ही सही मागितली नाही. तिच्या वाट्याच्या तुकड्यात यंदा तिच्या सांगण्यावरून काजू लावलेत.