घाट मोकळा करणे म्हणजे निवारा देणे नव्हे

नाशिक नगरीची कीर्ती ज्या कथेवर उभी आहे ती मुळात घर सुटलेल्या तिघांची कथा आहे. राजवाडा सोडून निघालेल्या राम, लक्ष्मण आणि सीता यांनी पंचवटीत पर्णकुटी बांधली या श्रद्धेपोटी शतकानुशतके यात्रेकरू गोदातीरी येत आहेत. वनवासींना आसरा दिल्याचा अभिमान मिरविणाऱ्या या भूमीवर आज रामकुंडाच्या परिसरात, पुलांच्या आडोशाला, बसस्थानकांच्या आणि रेल्वे स्टेशनच्या आसपास माणसे उघड्यावर रात्र काढतात. हे दृश्य रोजचे झाले आहे, आणि रोजचे झाले म्हणूनच ते आपल्याला दिसेनासे झाले आहे.

त्याकडे पुन्हा पाहण्याची वेळ आता आली आहे. २०२६-२७ चा सिंहस्थ दाराशी आहे आणि मुख्य पर्वस्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात व्हावयाची आहेत. असा सोहळा जवळ आला की कोणत्याही प्रशासनाला स्वच्छतेची आठवण होते, आणि त्या स्वच्छतेच्या यादीत केरकचऱ्याच्या जोडीला माणसेही जाऊन बसण्याचा धोका असतो. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अद्याप कायम आहे. भीक मागणे हा गुन्हा मानणारी त्यातील कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरविली, पण तो निर्णय दिल्लीपुरता होता. घाटावरच्या माणसाला उचलून हद्दीबाहेर नेल्याने घाट मोकळा होईल, परंतु त्या माणसाचा प्रश्न तसूभरही हलणार नाही. तो चार दिवसांनी परत येईल किंवा दुसऱ्या गावाच्या घाटावर निजेल. हाकलणे हा उपाय नव्हे, ते केवळ स्थलांतर होय.

मग उपाय कोणता? त्याचे माप ठरलेले आहे. अन्नाच्या हक्काविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांना दर एक लाख वस्तीमागे एक निवारा उभारण्याचा आदेश दिला. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हेच माप स्वीकारले. किमान १०० माणसांची सोय असलेला कायमस्वरूपी निवारा आणि माणशी ५० चौरस फूट जागा, अशी ती कल्पना होती. २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. त्रैराशिक शाळकरी मुलालाही सुटेल असे आहे. त्या वेळच्या वस्तीलाच किमान १४ निवारे आणि १,४०० माणसांची जागा हवी होती, आणि शहर तेव्हापासून वाढतच गेले आहे. महापालिकेने आपली निवारा केंद्रे किती, त्यांत खाटा किती आणि रोज रात्री त्यांतील किती भरतात, हे आकडे जाहीर फलकावर मांडावेत आणि नागरिकांनी ते या मापाशी ताडून पाहावेत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. "निवारे बांधले तरी हे लोक तेथे येत नाहीत, त्यांना उघड्यावरच राहावयाचे असते." आक्षेपाचा पूर्वार्ध काही ठिकाणी खरा असेल, उत्तरार्ध मात्र अन्यायाचा आहे. पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांतून कामासाठी शहरात उतरणारा मजूर पहाटे नाक्यावर उभा असावा लागतो. निवारा तेथून दोन कोसांवर असेल तर त्याची मजुरी बुडते. तो बायकामुलांसह आलेला असेल आणि निवाऱ्यात पुरुषांची खोली निराळी, स्त्रियांची निराळी असेल, तर कुटुंब मोडण्यापेक्षा तो आकाशाखाली एकत्र निजणे पसंत करतो. गाठोडे ठेवावयास कुलूपबंद जागा नसेल तर गाठोड्याची राखण हेच त्याचे रात्रीचे काम होऊन बसते. निवारा रिकामा राहतो तेव्हा दोष निवाऱ्याच्या रचनेत शोधावा, निराश्रिताच्या स्वभावात नव्हे.

पैसा आणि जागा नाही, ही सबब तर नाशिकने तरी सांगू नये. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्राम वसले होते. पाणी, वीज, शौचालये आणि रस्ते यांसह एक तात्पुरते नगर या शहराने उभे करून दाखविले. पुढे २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गाने पायी निघालेल्या परप्रांतीय मजुरांसाठी जिल्ह्यात निवारे उघडले गेले, आणि त्या वर्षी १ मे रोजी महाराष्ट्रातून सुटलेली पहिली श्रमिक रेल्वेगाडी सुमारे साडेतीनशे मजुरांना घेऊन नाशिकरोडहूनच भोपाळकडे निघाली. मनावर घेतले की छप्पर सापडते, हा या शहराचा अनुभव आहे. सोहळ्यात आणि संकटात जे जमते ते नित्याच्या दिवसांत का जमू नये?

हे सारे सरकारवर सोडून नागरिकांना मोकळे होता येणार नाही. नाशिककर दानशूर आहेत. थंडीच्या दिवसांत निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरल्याची वार्ता आली की घाटावर घोंगड्या वाटावयास मंडळी निघतात. त्या भावनेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु घोंगडी एका रात्रीची थंडी भागविते, आणि ती ठेवावयास जागा नसलेल्याजवळ ती किती दिवस टिकणार? गाडगेबाबांनी दानाची दिशा यापुढे नेली. लोकांकडून पैसा मिळवून त्यांनी देवळे नव्हे, तर नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या, आणि त्यांच्या दादरच्या धर्मशाळेत आजही गावोगावचे कर्करोगी व त्यांचे नातलग उतरतात. स्वतः घर न केलेल्या त्या पुरुषाने बेघरांना आसरा हे आपल्या संदेशाचे एक सूत्र केले. गोदावरीवर त्यांच्या नावाचा पूल आहे. त्या पुलाजवळ माणसे उघड्यावर निजावीत, यासारखी त्या नावाची विटंबना नाही.

बेघरपण एका रात्रीत येत नाही, आणि म्हणूनच ते थोपविता येते. घर सुटण्याच्या काही ठराविक जागा आहेत. पहिली जागा मजुरांचा नाका. तेथे परगावच्या कुटुंबाला ओळखपत्र, रेशन आणि हंगामापुरती भाड्याची खोली मिळाली तर ते रस्त्यावर येत नाही. नाशिकच्या दिशा फाउंडेशनने स्थलांतरित मजुरांत या प्रकारचे काम करून वाट दाखविली आहे. दुसरी जागा मोठे रुग्णालय. उपचारांत पैसा संपला की रुग्णाचे नातलग आवारात निजतात आणि काही जण पुढे तेथलेच होतात. तिसरी जागा कुटुंबच. वृद्ध आईबापांना टाकून देणे हा २००७ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण दाद मागावयास वृद्धाला हात धरून नेणारा शेजारी लागतो. चौथी जागा मनाचा आजार. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन उपचारापर्यंत पोचविणे हे २०१७ च्या कायद्याने पोलिसांचे कर्तव्य ठरविले आहे. कर्जतजवळच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने उपचारांनंतर अशा असंख्य रुग्णांना त्यांच्या घरी पोचविले, आणि त्याबद्दल डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हरवलेला माणूस घरी परत जाऊ शकतो, हे येथे सिद्ध झाले आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने जी पक्की निवासी बांधकामे होतील, त्यांतील काही पर्वकाळानंतर कायमच्या निवाऱ्यासाठी राखून ठेवण्याचा ठराव आताच व्हावा. त्यांतील एक तरी पेठ नाक्याच्या बाजूला, कुटुंबांना एकत्र राहता येईल असे असावे. प्रत्येक प्रभागात डॉक्टर, वकील, शिक्षक आणि निवृत्त कर्मचारी यांची लहानशी समिती असावी. आपल्या प्रभागात कोण उघड्यावर निजतो, तो कोठला, त्याचे घर का सुटले, एवढी विचारपूस तिने केली तरी निम्मे काम झाले. आणि घाटावरील एकाही माणसाला पर्यायी छप्पर दाखविल्याखेरीज उठवू नये, एवढे पथ्य प्रशासनाने पाळावे.

पर्वकाळात लक्षावधी पाहुणे या गावाचा पाहुणचार अनुभवतील. त्यांच्या स्वागतासाठी गावातल्याच आश्रितांना दृष्टीआड केले तर घाट स्वच्छ दिसेल, पण पंचवटीला पर्णकुटीचे नाव सांगण्याचा अधिकार उरणार नाही. तो राखावयाचा की गमवावयाचा, हे ठरविण्यास वेळ थोडा उरला आहे.