अनुभव जिथे गुरू नसतो

वेल्डिंगच्या दुकानात सुरक्षिततेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : “इतकी वर्षं हेच करतोय, काही झालं नाही.” धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, शिरपूर-चोपड्याकडच्या रस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॉल्या, ग्रिल, शटर आणि ट्रकच्या बॉड्या जोडणारा कारागीर हे बोलतो तेव्हा तो बढाई मारत नसतो. हाताची कला अनुभवाने आली, तसा धोकाही अनुभवानेच कळत असणार, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. माझा विरोध नेमका या समजुतीला आहे. अनुभव शिकवतो तो चूक आणि शिक्षा लागोपाठ येतात तेव्हाच. तापल्या तव्याला बोट लागले की पोर पुन्हा हात लावत नाही. वेल्डिंगमध्ये चूक दुपारी होते आणि डोळे रात्री पेटतात. धूर आज छातीत जातो आणि आजार वीस-तीस वर्षांनी समोर येतो. टाकीवरची चूक तर नऊ वेळा निभावून जाते आणि दहाव्या वेळी माणूसच उरत नाही. असा धोका अनुभवाने कळत नाही. तो दुकानाच्या मांडणीतूनच टाळावा लागतो, आणि ती मांडणी मालकाच्या हातात असते.

डोळ्यांपासून सुरुवात करू. आर्कमधून निघणारे अतिनील किरण बुबुळावरचा नाजूक पडदा भाजून काढतात. त्या क्षणी काहीच दुखत नाही. साधारण सहा ते बारा तासांनी पापण्यांखाली वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते, उजेड सोसत नाही, माणूस रात्रभर तळमळतो. मग बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी, कुणाकडून तरी आणलेले बधिरतेचे थेंब असे उपाय सुरू होतात. यातले थेंब सर्वांत घातक. दुखणे थांबते म्हणून ते पुन्हापुन्हा टाकले जातात आणि बुबुळाची जखम भरायची थांबते. “बेपर्वाईनं काम केलं, भोगा आता” असे म्हणणाऱ्यांनी टाका मारण्याचा तो एक क्षण जवळून पाहावा. उजव्या हातात होल्डर. डाव्या हाताने अँगल गुण्यात धरायचा आहे, कारण तो सूतभर हलला तरी चौकट तिरकी होते. मग हातात धरायचे शील्ड कोणत्या हातात धरायचे? ते जमिनीवर राहते, कारागीर डोळे मिटतो, मान वळवतो आणि रॉड टेकवतो. समोर चौकटीचे दुसरे टोक धरून बसलेल्या हेल्परकडे तर शील्ड नसतेच. दिवसात असे पन्नास टाके पडतात. यात बेपर्वाई कुठे आहे? दोन हातांच्या माणसाला तीन हातांचे काम दिले आहे. डोक्यावर बसणारे शील्ड घेतले की डावा हात मोकळा होतो आणि प्रश्न मिटतो. आर्कसाठी दहा-अकरा नंबरची काच लागते. उन्हाचा काळा गॉगल तिची जागा घेऊ शकत नाही, आणि गॉगल घातला तरी गाल व मान भाजायची ती भाजतातच.

“सवयीनं अंगवळणी पडतं” हा पुढचा आक्षेप, आणि त्याच्या बाजूने एक खरा पुरावा आहे. तो लपवणे योग्य नाही. जीआय पाइपावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग केले की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेल्यास काही तासांनी हुडहुडी भरते, ताप येतो, तोंडाला धातूची चव येते आणि एक-दोन दिवसांत सगळे उतरते. हेच काम रोज केले तर हा ताप खरोखर येईनासा होतो. पण सुटी घेऊन परतल्यावर पहिल्याच दिवशी तो पुन्हा गाठतो. म्हणूनच जगभरच्या कारागिरांत त्याला ‘सोमवारचा ताप’ असे नाव पडले. याचा अर्थ नीट लावला पाहिजे. शरीर विषाला सरावलेले नसते. घरात शिरणाऱ्याला हाक देणारा राखणदार तेवढा गप्प झालेला असतो, शिरणारा शिरतोच आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्याच एका अंगाने, १९८९ साली वेल्डिंगच्या धुराला ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटले होते. २०१७ साली पुरावे पुन्हा तपासल्यावर तिने हा धूर आणि वेल्डिंगचे अतिनील किरण, दोन्ही थेट पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारक ठरलेल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर आणि अॅस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. २०१९ मध्ये ब्रिटनच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने साध्या लोखंडाच्या धुरालाही हा निष्कर्ष लावला, नुसत्या खेळत्या हवेवर भागणार नाही असे बजावले आणि उघड्यावरच्या कामालाही योग्य मास्क सांगितला. आपल्याकडे “शेड तर चारी बाजूंनी मोकळी आहे” हे उत्तर ठरलेले असते. पण कारागीर वाकलेला असतो, त्याचे नाक जोडाच्या वर वीतभर अंतरावर असते आणि धूर सरळ वर चढतो. शेड मोकळी असली तरी ती वीतभर जागा मोकळी नसते.

गुळाबद्दलही बोलले पाहिजे, कारण कित्येक दुकानांत मालक धुरावर उतारा म्हणून प्रेमाने गूळ किंवा दूध देतो आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. फुप्फुसातली धूळ बाहेर पडायला गुळाने मदत होते, असे त्यात दिसले. प्रयोग खरा आहे. पण तो उंदरांवरचा आहे आणि धुळीच्या कणांबद्दल आहे. वेल्डिंगचा धूर गूळ खाल्ल्याने निर्धोक होतो असे त्यात कुठेही नाही. गूळ जरूर द्यावा. त्यासोबत बाजूने वारा देणारा पंखा आणि एन-९५ मास्क द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल हे बारीक कण अडवत नाही. जीआय पाइप असेल तर जोडाजवळचे जस्त आधी ग्राइंडरने काढावे. दोन मिनिटांचे काम आहे.

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना भेटतात, त्यामुळे ट्रकची गळकी डिझेल टाकी घेऊन दारात उभा राहिलेला ड्रायव्हर इथल्या वेल्डरला नवा नाही. “टाकी रिकामी केलीय, मार दोन टाके.” रिकामी या शब्दात घात आहे. भरलेल्या टाकीत वाफेला पेटायला हवा नसते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. डिझेल सहजी पेट घेत नाही हे खरे, पण पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या थराची वाफ आर्कची उष्णताच करते. वाफेचे प्रमाण ठराविक मर्यादेत आले तरच स्फोट होतो. आधीच्या नऊ टाक्या त्या मर्यादेबाहेर होत्या, इतकेच. कारागिराच्या कसबाचा त्यात काही भाग नव्हता. कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ३७ मध्ये हे स्पष्ट लिहिलेले होते : ज्या टाकीत ज्वलनशील पदार्थ आहे किंवा होता, ती त्या पदार्थापासून आणि वाफेपासून मुक्त केल्याशिवाय तिच्यावर वेल्डिंग वा कटिंग करायचे नाही. ‘होता’ हा शब्द महत्त्वाचा. टाकी धुवावी, जोडापर्यंत पाणी भरावे, सगळी तोंडे उघडी ठेवावीत. आणि आत काय होते ते माहीत नसलेला ड्रम असेल तर तो गिऱ्हाइकासकट परत पाठवावा.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र खान्देशच्या उन्हाचा आहे, आणि जो माणूस मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या पत्र्याखाली उभा राहिला आहे तो या आक्षेपाला हसणार नाही. पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना चामडी हातमोजे, ॲप्रन आणि तोंडावर शील्ड चढवून काम करा, असे पंख्याखाली बसून लिहिणे सोपे आहे. पण हाच उन्हाळा धोका वाढवतो. आर्क जळत असताना मशीनचा दाब वीस-तीस व्होल्ट असतो. रॉड उचलल्यावर तो पन्नास ते ऐंशीपर्यंत चढतो. कोरड्या अंगाला तो बहुधा जाणवत नाही. घामाने निथळणारा माणूस ट्रॉलीच्या लोखंडी तळावर गुडघे टेकून, ओल्या मोज्याने रॉड बदलत असेल तर तेवढा दाब जिवावर उठू शकतो. म्हणजे उन्हामुळे साधने टाकता येत नाहीत. बदलायची ती वेळ. शेतकरी उन्हाळ्यात भल्या पहाटे कामाला लागतो आणि दुपारी झाडाखाली बसतो. वेल्डिंगच्या दुकानाने सहाला शटर उघडून बारा ते चार काम बंद ठेवले तर गिऱ्हाईक काही पळून जात नाही. गुडघ्याखाली कोरडी फळी किंवा रबर, हातात जास्तीच्या मोज्यांचा जोड, अंगात सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. टेरिकॉट नको, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते.

राहिला खर्च आणि कायदा. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून मोजला जाई. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो आकडा वीसवर नेला. तीन-चार माणसांचे दुकान दोन्हींच्या बाहेर राहते, आणि “आम्हाला हे लागू नाही” असे मालक म्हणतो तेव्हा तो कागदोपत्री बरोबर असतो. मी हे उत्तर मान्य करत नाही. निरीक्षक येणार नाही म्हणूनच त्या दुकानातल्या पोराला मालकाशिवाय कोणी वाली नाही. ते पोर बहुधा आयटीआयमधून आलेले नसते. उस्तादाचे पाहून शिकते, आणि उस्ताद शील्डविना टाका मारत असेल तर तेही तसेच शिकते. खर्चाचे म्हणाल, तर डोक्याचे शील्ड, मोजे, मास्क आणि फळी यांची बेरीज एका वेल्डिंग मशीनच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

म्हणून दुकानमालकांना एकच मागणे. उद्या सकाळी शटर वर केल्यावर आपल्याकडे माणसे किती आणि शील्ड किती, हे मोजा. हेल्परलाही मोजा. दोन आकडे जुळत नसतील तर ते जुळेपर्यंत पहिला रॉड लावू नका.