एक मार्क कुठे गेला?

मुलीने 'हॅम्लेट'वरचा निबंध समोर ठेवला. सहापैकी पाच. निबंधाची पहिली ओळही न वाचता मी विचारलं, "एक मार्क कुठे गेला?" हा प्रश्न माझ्या वडिलांनी मला विचारला होता, त्यांना त्यांच्या वडिलांनी. रत्नागिरीहून न्यू जर्सीला येताना लोणच्याची बरणी विमानतळावर काढून घेतली, हा प्रश्न मात्र आला.

"बाबा, तो सहसा कुणालाच मिळत नाही," असं म्हणून ती वरच्या खोलीत निघून गेली.

ती बारावीत आहे. इथल्या भाषेत सीनियर. तिचा इंग्रजीचा वर्ग 'एपी लिटरेचर'चा, म्हणजे शाळेत बसून कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोलाचं साहित्य शिकायचं. सप्टेंबरात या वर्गाचं दोन पानी पत्रक घरी आलं होतं. विद्यार्थ्याकडून काय अपेक्षा आहेत ते लिहिलेलं आणि खाली पालकाची सही. पुस्तक रोज आणायचं, वाचताना समासात टिपणं करायची, निबंध उशिरा दिला तर दिवसाला दहा टक्के कापणार, एआयकडून लिहून घेतला तर शून्य. बँकेच्या कागदांवर करतो तशी मी न वाचता सही ठोकली. नंतर फ्रिजवर लावलेलं ते पत्रक येता-जाता वाचलं तेव्हा त्यातली एक अट डोळ्यांत भरली: मत तुमचं स्वतःचं हवं, आणि ते पुस्तकातल्या शब्दांवर बोट ठेवून सिद्ध करता आलं पाहिजे.

आम्हाला बारावीत मत कुणी विचारलं नव्हतं. 'संदर्भासहित स्पष्टीकरण' असायचं. संदर्भ गाइडातला आणि स्पष्टीकरणही गाइडातलंच. कवीला काय म्हणायचंय हे कवीपेक्षा गाइडवाल्याला पक्कं ठाऊक.

एपीची परीक्षा मे महिन्यात असते, तीन तासांची. पहिल्या तासात ५५ बहुपर्यायी प्रश्न. उरलेल्या दोन तासांत तीन निबंध: एक न वाचलेल्या कवितेवर, एक गद्य उताऱ्यावर आणि तिसरा स्वतः निवडलेल्या कादंबरीवर किंवा नाटकावर, तोही पुस्तक समोर नसताना. प्रत्येक निबंधाला सहा गुण. एक गुण भूमिका स्पष्ट मांडल्याबद्दल, चार पुराव्याबद्दल आणि त्यावरच्या विवेचनाबद्दल. सहाव्याला 'सोफिस्टिकेशन' म्हणतात. लेखनातल्या गुंत्याला हात घातला, दुसराही अर्थ निघू शकतो हे ओळखून त्याला सामोरं गेलं, तर तो मिळतो. शिकवण्यांमध्ये सांगतात, त्याच्या नादी लागू नका, पाच पक्के करा.

रविवारी धाकट्याला मराठी शाळेत सोडून आम्ही पालक कॅफेटेरियात बसतो. घरून आणलेला चहा असतो आणि विषय एकच. "तुमच्याकडे एपी किती?" "सहा. कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री..." लिटरेचरचं नाव सगळ्यात शेवटी येतं, तेही "जीपीए पडू नये एवढंच" या शेपटासह. एका गृहस्थांनी मला कळकळीने सल्ला दिला, "अहो, ते सोडायला सांगा तिला. वाचायला फार लागतं." साहित्याच्या वर्गाबद्दलची ही तक्रार मला अजून पचलेली नाही.

वास्तविक या मुलांना याच वर्षी त्या वर्गाची सर्वाधिक गरज असते. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत ती स्वतःची जाहिरात करत असतात. कॉलेजच्या अर्जासोबत ६५० शब्दांत स्वतःबद्दल लिहायचं असतं: मी कोण, मी कसा पडलो, कसा उठलो. सतरा वर्षांत पडून पडून किती पडणार? त्यासाठी पैसे देऊन सल्लागार नेमले जातात. मग मूल स्वतःकडेही सल्लागाराच्या डोळ्यांनी बघायला लागतं. दिवसातला एक तास दुसऱ्या कुणाच्या तरी जिवात डोकावून बघायचा, आणि त्यातून अर्जात भरायला काही मिळणार नाही, अशी सोय बाकी कुठे आहे?

शिवाय 'हॅम्लेट' त्यांना शिकवावं लागत नाही. पहिल्याच अंकात लेर्टीसला पॅरिसला जायची परवानगी मिळते आणि हॅम्लेटला विटेनबर्गच्या विद्यापीठात परत जाऊ नको म्हणतात. कॉलेजच्या निकालाकडे डोळे लावून बसलेल्या पोरांना यापुढे काय समजावून सांगायचं?

लेर्टीसचा बाप पोलोनियस. मुलगा निघताना त्याला उपदेशाची भलीमोठी शिदोरी बांधून देतो. दुसरा अंक उघडतो तेव्हा तोच बाप आपला नोकर रेनाल्डो याला पॅरिसला धाडतोय: पोराची चौकशी कर, वेळ पडली तर त्याची थोडी खोटी बदनामी कर, म्हणजे लोक खरं बोलतील. आमच्या कपाटात आगरकरांचं १८८३ सालचं 'विकारविलसित', म्हणजे मराठीतलं 'हॅम्लेट', आहे, वडिलांकडून आलेलं. ते वाचलं तेव्हा पोलोनियस मला निव्वळ हास्यास्पद म्हातारा वाटला होता.

मुलीचा निबंध नेमका त्याच्यावर होता. शेवटी मी तो वाचला. तिचं म्हणणं, पोलोनियसचा आपल्याच उपदेशावर विश्वास नाही, म्हणून त्याला हेर लागतो. पुरावे चोख होते. तिसऱ्या परिच्छेदात मध्येच एक वाक्य होतं: कदाचित या माणसाला पाळत ठेवणं आणि माया करणं यातला फरकच कळत नसावा. पुढच्या वाक्यात ती ते सोडून परत मुद्द्यावर आली होती, आणि बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं की इथून लगेच निघायला नको होतं.

एक मार्क तिथे गेला होता.

मी वर जाऊन तिला म्हटलं, "छान आहे. पण ते मायेचं का सोडलंस?" ती लॅपटॉपवरून नजर न उचलता म्हणाली, "ते लिहिताना तुमचा फोन आठवला. मग नको वाटलं."

माझ्या फोनच्या नकाशावर ती गाडी शिकली तेव्हापासून एक निळा ठिपका फिरत असतो. त्या शुक्रवारी रात्री साडेनऊला तो मैत्रिणीच्या घरावर होता. मी फोन टेबलावर पालथा घातला. दहा मिनिटांनी सुलटा केला.