विश्लेषण : चौथीपर्यंतची शाळा नऊला, मग मोठ्या मुलांच्या झोपेचे काय?

राज्यातील पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा आदेश शालेय शिक्षण विभागाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधले होते. मात्र, उशिरा शाळा भरवण्यास विज्ञानाचा भक्कम आधार असलेला किशोरवयीन गट या आदेशाबाहेर आहे.

किती झोप हवी?

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक असते. सातची शाळा गाठण्यासाठी बोरिवली किंवा मुलुंडमधील मूल साडेपाचला उठत असेल, तर नऊ तासांच्या झोपेसाठी त्याने रात्री साडेआठलाच झोपायला हवे. त्या वेळी अनेक घरांतील आईवडील नुकतेच लोकलमधून उतरलेले असतात.

झोपेत काय घडते?

गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते आणि दिवसभरात शिकलेले मेंदूत पक्के होते. झोप प्राण्यांनाही चुकलेली नाही. डॉल्फिन मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून झोपतो. शिकागो विद्यापीठातील १९८०च्या दशकातील प्रयोगांत सतत जागे ठेवलेले उंदीर काही आठवड्यांत दगावले.

किशोरवयीन मुले उशिरा का झोपतात?

मोबाइल हे एकमेव कारण नाही. वयात येताना मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे झोप येण्याची वेळच एक ते दोन तास लांबते. म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत, अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियात जुलै २०२२ पासून बहुतांश हायस्कूलसाठी तसा कायदाच लागू आहे.

अडचण कुठे?

मुंबईच्या उपनगरांत जागेअभावी अनेक शाळा एकाच इमारतीत दोन सत्रांत भरतात. पहिले सत्र नऊला सुरू झाले, की दुसरे संध्याकाळपर्यंत लांबते. स्कूलबसही ऐन गर्दीत अंधेरी, घाटकोपरच्या रस्त्यांवर अडकतात. अडचण असलेल्या शाळांना शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाद मागण्याची मुभा आदेशातच आहे. दुसरा सोपा पर्याय म्हणजे लहानांना उशिरा आणि मोठ्यांना सकाळी सातला बोलावणे. तसे झाल्यास धाकट्याला मिळालेली झोप थोरल्याच्या वाट्यातून वजा होईल.