बिबट्या निरुपद्रवी नाही. मग धीर द्यायचा कसा?

शिरूर तालुक्यातील पिंपरखेड आणि जांबूत या गावांच्या परिसरात १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५ या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. पाच वर्षांची मुलगी, वृद्ध महिला आणि तेरा वर्षांचा मुलगा. तिसऱ्या घटनेनंतर संतप्त जमावाने वनविभागाची गाडी पेटवून दिली आणि दुसऱ्या दिवशी मंचर येथे पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. ४ नोव्हेंबरच्या रात्री वनविभागाच्या पथकातील नेमबाजांनी एका नर बिबट्याला गोळ्या घातल्या. त्याचे शव आधी गावकऱ्यांना दाखविण्यात आले आणि त्यानंतरच जुन्नरजवळील माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेण्यात आले. तोंडी आश्वासनावर विसंबण्याची गावाची तयारी उरली नव्हती, हेच यातून दिसून आले.

ही वेळ का आली, याचे उत्तर केवळ बिबट्यांच्या वाढत्या संख्येत नाही. 'बिबट्या सहसा माणसावर हल्ला करीत नाही' हे वाक्य जुन्नर वनविभागात गेली वीस-पंचवीस वर्षे फलकांवरून आणि सभांमधून सांगितले जात आहे. ते खोटे नाही. परंतु ज्या वस्तीवर मूल दगावले, तेथे 'सहसा' हा शब्द जखमेवर मीठ चोळणारा ठरतो. सर्पदंशाशी केली जाणारी तुलनाही तशीच. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे; बिबट्याचे बळी त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत. मात्र हा हिशेब ऐकून रात्री उसाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याची भीती तसूभरही कमी होत नाही.

वास्तविक, शिरूर-दौंडच्या गावांना धोकादायक जनावराबरोबर राहणे नवे नाही. दारात संकरित गाई आहेत, बैल आहेत. गाय गरीब असते असे आपण म्हणतो. पण शेतकऱ्याच्या घरात कोणी मुलाला 'गाय काहीच करीत नाही' असे शिकवीत नाही. मारकी कोणती, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या वासराला हात लावायचा नाही, मागच्या पायांजवळ उभे राहायचे नाही, ही शिकवण भीती घालविण्यासाठी नसते. भीतीला वळण लावण्यासाठी असते. बिबट्याच्या बाबतीत शासकीय यंत्रणेने हे केले नाही. आधी धोका नाकारला आणि माणसे मेल्यावर पिंजरे लावले.

पिंजऱ्यांचा इतिहासही लोकांपुढे प्रांजळपणे मांडला गेलेला नाही. २००१ च्या सुमारास जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्याचा मोठा कार्यक्रम राबविण्यात आला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, त्यापूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत. नंतर ते सतरापर्यंत गेले. त्यांच्याच अभ्यासात, शेजारच्या नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, जंगल नसलेल्या शेतीच्या पट्ट्यात, दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव प्राणी होते आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा. घोड, कुकडी, चासकमानच्या पाण्यावर ऊस वाढला, दौंडमध्ये गुऱ्हाळे उभी राहिली, वस्त्या शिवारात गेल्या. बिबट्याला आडोसाही मिळाला आणि अन्नही. 'सगळे बिबटे उचला' ही मागणी समजण्यासारखी असली, तरी रिकाम्या झालेल्या उसात दुसरा बिबट्या येणार नाही, याची हमी कोणताही अधिकारी देऊ शकत नाही.

प्रत्येक मृत्यू बिबट्याच्या माथी मारण्याचा धोकाही दौंडने अनुभवला आहे. कडेठाण येथे डिसेंबर २०२४ मध्ये उसाच्या शेतात एका महिलेचा मृतदेह सापडला तेव्हा बिबट्याचे नाव घेतले गेले. नागपूरच्या प्रयोगशाळेच्या अहवालाने ते खोडून काढले आणि २०२५ मध्ये पोलिसांनी खुनाच्या आरोपाखाली दोघांना अटक केली. अर्थात, एका प्रकरणावरून शिरूरच्या आक्रोशावर संशय घेणे अन्यायाचे होईल. उलट, तपास पूर्ण होईपर्यंत 'अद्याप सांगता येत नाही' असे म्हणण्याचे धैर्य वनाधिकाऱ्याने दाखविले, तर पुढच्या वेळी त्याचा शब्द ऐकला जाईल.

पिंपरखेडच्या हल्ल्यांनंतर शेतात जाणाऱ्यांनी गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे घातल्याची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. मेंढपाळाच्या कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात आला. त्यानंतर शासनाने बिबट्यांच्या प्रजनन नियंत्रणाचा मार्ग पुढे आणला; केंद्राने जुन्नर विभागात प्रयोगासाठी मान्यता दिली ती पाच माद्यांपुरती. त्याचा परिणाम दिसलाच, तर अनेक वर्षांनी. मृताच्या वारसांना २५ लाख रुपयांची मदत मिळते, तीही घटनेनंतर.

आज सांगता येण्यासारखे आहे ते साधे आहे. दिवस मावळल्यावर उसाच्या कडेला लहान मूल एकटे सोडू नये. वाकून किंवा बसून काम करणारा माणूस बिबट्याला लहान भासतो, म्हणून एकट्याने खुरपणी करू नये. गोठा चारही बाजूंनी बंद असावा. मात्र यातील निम्म्या गोष्टी पाळणे गावाच्या हातात नाही. शेतीची वीज रात्री येत असेल, तर 'रात्री बाहेर पडू नका' हा सल्ला कोणासाठी? आणि हंगामात बीड-नगरकडून येणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या कोपीला दारच नसते. फडातला ऊस तुटू लागला की बिबट्याची मादी पिलांसह त्याच शिवारात जागा बदलत असते, आणि कामगारांची मुले तेथेच उघड्यावर निजलेली असतात. त्यांच्यापर्यंत सूचनेचा कागद पोहोचविण्याची जबाबदारी कारखान्याची की वनविभागाची, हे आधी ठरावे लागेल.