थांबायचा हक्क कोणाचा?

माझा बाप ६८ वर्षांचा आहे. रामदासपेठेतल्या एका इमारतीच्या गेटवर रात्रपाळी करतो. बारा तास. वर डॉक्टर, सीए, वकील. बाप त्यांच्या गाड्यांना सलाम ठोकतो.

परवा लिफ्टपाशी एक पांढऱ्या केसांचे साहेब सांगत होते, 'या वयात जास्त कमवून काय करायचं? वरच्या रुपयातले तीस पैसे सरकारच नेतं. आता निम्मेच पेशंट घेतो.' अर्थशास्त्रीही हेच लिहितात : आयकर वाढला की म्हातारा माणूस काम सोडतो.

कोणता म्हातारा, दोस्तहो?

१८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल आज नाही. तिच्या जागेवर मॉल आहे. बाप अशाच एका बंद पडलेल्या मिलचा कामगार. पेन्शन किती? २०१४ साली सरकारनं किमान ठरवली तेवढी. महिना १००० रुपये! २०२५ च्या बजेटात १२ लाखांपर्यंत आयकर माफ झाला, पेपरांनी ढोल बडवले. बापाची वर्षाची कमाई दीड लाखही नाही. त्याला काय माफ झालं?

आणि तो कर देत नाही असं कोण म्हणतं? चहापत्तीवर पाच टक्के. बीपीच्या गोळीवर पाच टक्के. साहेबालाही पाचच. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी हेच बोट ठेवलं होतं : आयकराला कमाईची मर्यादा आहे, पण जमीनमहसूल गरीब शेतकऱ्यालाही सुटत नाही, आणि जहागीरदाराला दर तोच. जमिनीच्या जागी आता किराणा आला, एवढाच फरक.

म्हणजे हिशेब सरळ आहे. साहेबाचा कर वाढला तर साहेब घरी बसतो, कारण त्याच्याकडे बसायला पुंजी आहे. बापाचा कर वाढला तर बापाला आणखी एक पाळी करावी लागते. एकच सरकार, एकच कर, पण एकाला आराम, दुसऱ्याला मरेस्तोवर राबणं.

म्हणून आयकराची सूट वाढवा हे गाणं आमचं नाही. आमची मागणी एकच : पेन्शन एवढी द्या की माणूस थांबू शकेल.

बापाला म्हटलं, 'बाबा, बस करा आता.'

तो जोडे घालत म्हणाला, 'बसतो ना. पण लाइटबिल कोन भरन बे?'

आहे कोणाकडे उत्तर?